डिकीवरची ओळ

रावसाहेबांची गाडी दुकानाच्या दाराशी थांबली तशी तेजस्विनीने रुमाल नाकावर ओढला. काळीभोर, उंच, घेऊन वर्षही झालं नसेल अशी गाडी, आणि कळा मात्र उकिरड्यावरच्या डबड्याची. ड्रायव्हरच्या खिडकीखालून मागच्या दारापर्यंत गुटख्याच्या पिचकाऱ्यांचे ओघळ वाळून चिकट झाले होते. बॉनेटवर दसऱ्याला काढलेलं कुंकवाचं स्वस्तिक उन्हात भाजून रंगात मुरलं होतं. त्यावर नारळाचं पाणी सांडलेलं, आणि त्यावर कबुतरांनी आपली भर घातलेली. पुढच्या जाळीत झेंडूच्या माळेचा नुसता दोरा उरला होता.

काच खाली झाली. रावसाहेबांनी आधी रस्त्यावर थुंकून घेतलं आणि मग हात जोडले.

"नमस्कार ताई. तुमचं लय नाव ऐकून आलोय."

"आलात ते बरं झालं. आत थुंकू नका म्हणजे झालं," तेजस्विनी म्हणाली.

माणसं गाडी घेतात तेव्हा तिची देवासारखी पूजा करतात आणि दुसऱ्या दिवसापासून तिची पिकदाणी करतात, हे तिने इतक्यांदा पाहिलं होतं की आता तिला राग येत नसे. नुसती किळस यायची. आणि किळस आली की तिचा हात चांगला चालायचा. घाण दिसली की ती निघेपर्यंत तिला घास गोड लागत नसे, आणि या एका खोडीवर तिचं दुकान उभं होतं.

दुकान वारज्यात, हमरस्त्याच्या बाजूच्या सर्व्हिस रोडवर. बाहेरच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत 'तेज कार स्टुडिओ' आणि खाली बारीक अक्षरांत तिने स्वतः रंगवून घेतलेलं वाक्य होतं: 'येथे फक्त गाडीवरचे डाग निघतात.' घरची माणसं मात्र या स्टुडिओला अजून गोठाच म्हणायची. इथे पूर्वी तिच्या वडिलांच्या म्हशी असत. गाव शहरात गेलं, रस्ता रुंद झाला, म्हशी विकल्या, तेव्हा वडिलांनी ऑटोमोबाइलचा डिप्लोमा केलेल्या लेकीला म्हटलं होतं, "हा गोठा तुला घे." म्हटलं होतं, एवढंच. वडील गेले, आणि गोठ्यासकट मागची सगळी जमीन कागदावर आईच्या, धाकट्या भावाच्या आणि तिच्या नावाने एकत्र राहिली.

"काय काय करायचंय?" तिने विचारलं.

"धुऊन पुसून चकाचक तर कराच. पण खरं काम मागं हाय. या जरा."

रावसाहेब तिला गाडीच्या मागे घेऊन गेले. मागच्या काचेवर सोनेरी रेडियमच्या ठळक अक्षरांत ओळ होती: 'आई-वडिलांची पुण्याई'. ही ओळ पुण्याच्या आसपास इतक्या गाड्यांवर असते की ती कुणी वाचत नाही. पण इथे खाली, डिकीच्या काळ्या पत्र्यावर, कुणीतरी टोकदार वस्तूने ओरखडून दुसरी ओळ लिहिली होती. अक्षरं वाकडीतिकडी, पण पांढरीधोप आणि हातभर लांब.

'अन् बहिणीची सही'.

तेजस्विनीला आधी हसूच फुटलं. वा, काय लिहिलंय! मग ती वाकून अक्षरं नीट पाहू लागली.

"एवढी पांढरी कशी झाली अक्षरं?"

"आमच्या मंडळींचा शहाणपणा, दुसरं काय!" रावसाहेब चिडून म्हणाले. "ओरखडा दिसला तशी काथ्या घेतला, भांड्याची पावडर घेतली, आन् देव घासत्यात तसं घासलं. निघालं तर न्हाईच, ती पावडर समदी अक्षरात जाऊन बसली. आधी जवळ जाऊन वाचायला लागायचं, आता चौकातनं वाचता येतंय."

खरंच होतं. चकचकीत काळ्या पत्र्यावर काथ्याने घासलेला एक भुरकट पट्टा उमटला होता आणि त्या पट्ट्यात पावडर भरलेली अक्षरं फळ्यावरच्या सुविचारासारखी उठून दिसत होती.

"पोरांनी केलंय का कुणी?"

"पोरं कशाची! आमची दुर्गी. सख्खी धाकटी भन माझी. अक्षर वळखतो की मी, माझ्याच पाटीवर गिरवायला शिकली ती." रावसाहेबांच्या आवाजात दुःख नव्हतं, शरम तर नव्हतीच. होती ती तक्रार, शेजाऱ्याच्या कुत्र्याने अंगण घाण केल्यावर असते तशी. "गेल्या साली आमची कात्रजची जमीन बिल्डरला दिली. त्याला सातबारा स्वच्छ पायजे. मग दुर्गीला नेली हापिसात आन् हक्कसोड करून घेतलं. तिचा वाटा तिनं आम्हा भावांच्या नावानं सोडला. जबरदस्ती न्हाय काय! न्यायला गाडी धाडली, भारीतली साडी नेसवली, येताना बासुंदी-पुरीचं जेवाण घातलं. राजीखुशीनं सही केली तिनं. आन् आता बंगल्याच्या वास्तुशांतीला आली, पोटभर जेवली, आन् जाताना हे करून गेली. खाल्ल्या मिठाला जागायची रीतच राहिली न्हाय बघा."

बोलता बोलता त्यांनी दातात अडकलेलं काहीतरी नखाने काढलं, पाहिलं, आणि तेच बोट डिकीला पुसलं.

तेजस्विनीच्या अंगावर पाल पडल्यासारखं झालं. त्या बोटाने झालं, की त्या 'स्वच्छ' शब्दाने, हे तिला लगेच कळलं नाही. मग कळलं. हाच शब्द आठवड्यापूर्वी तिच्या स्वतःच्या भावाने, रणजितने, तिच्या कर्वेनगरच्या घरी चहा पिता पिता वापरला होता. "ताई, बिल्डर तयार आहे. फक्त सातबारा क्लीन हवा त्याला. तुझं नाव निघालं की झालं." तेव्हा ती नुसती मान हलवून बसली होती. आणि आजच चार वाजता रणजित तिला न्यायला येणार होता. तसल्याच हापिसात, तिच्या हक्कसोडपत्रावर सही करायला.

सही करायचं तिने ठरवून टाकलं होतं. गोठ्याचं काय, असं तिने एकदा विचारलं तेव्हा रणजित म्हणाला, "दुकान काय, तुझंच आहे गं. बिल्डिंग झाली की खाली एक गाळा देऊ ना तुला." देऊ ना. नवऱ्याला, संजयला, विचारलं तर तो म्हणाला, "तुमच्या घरचं आहे, तुझं तू बघ." आई तर एकच पालुपद लावून बसली होती: सही कर, माहेर टिकतं. दिवाळीला त्या घरात जाऊन उटणं लावून घेणं, भाऊबीजेचं ओवाळणं, आईच्या हातचं पिठलं, हे सगळं एका सहीने टिकणार असेल तर टिकू दे, असं म्हणून तिने मनाची समजूत घातली होती.

"निघंल ना?" रावसाहेबांनी विचारलं. "उद्या धाकट्या पोराचा साखरपुडा हाय. पावणे येणार. त्यांनी हे वाचलं तर आमचं नाक राहील का?"

तिने हातमोजा काढला आणि अंगठ्याचं नख ओरखड्यांवरून आडवं फिरवलं. ही तिची जुनी रीत. गाडीच्या रंगावर काचेसारखा एक पारदर्शक थर असतो. ओरखडा त्या थरातच असेल तर नख त्यावरून सरकतं, आणि असा ओरखडा घासून काढता येतो. नख अडकलं तर समजावं की घाव खालच्या रंगापर्यंत पोचला, तो पॉलिशने जायचा नाही. हे 'नख अडकलं' तिच्या घरीदारी सगळ्यांच्या तोंडी बसलं होतं. एखादं स्थळ नको असलं, एखाद्याशी कायमचं बिनसलं, की तेजू म्हणायची, "नख अडकलं." मग तिच्याशी कुणी वाद घालत नसे.

नख 'अन्'वरून सरकलं. 'बहिणीची'वरूनही सरकलं. पुढे पावडरीचं पुटच इतकं होतं की नीट कळेना.

"बहुतेक जाईल. धुतल्यावर सांगते," ती म्हणाली.

"घालवा ताई, घालवा. मी तवर साखरपुड्याच्या साड्या घेऊन येतो." आणि रावसाहेब रिक्षा थांबवायला निघून गेले. जाता जाता दाराच्या कोपऱ्यात थुंकले ते थुंकलेच.

लग्नसराईमुळे तिच्या हाताखालची दोन्ही माणसं सुट्टीवर होती, म्हणून सगळं तिलाच करायचं होतं. तिने फेस मारला. गुटख्याचे ओघळ सुटून लालसर पाणी फरशीवरून वाहू लागलं तेव्हा तिने रुमाल आणखी वर ओढला. दाराच्या खाचेत बोट घालून तिने सुपारीचे तुकडे काढले. चिकणमातीच्या गोळ्यासारखा क्लेचा गोळा घेऊन बॉनेटवर फिरवला, तर तो कबुतरांच्या घाणीने आणि कुंकवाने बरबटला. पण ती घाण सरळ होती. दिसत होती, वास मारत होती, आणि पाण्याने निघत होती.

काम चालू असतानाच आईचा फोन आला. वेणूबाईंना फोन कानाला लावला की दूरच्या माणसाशी ओरडूनच बोलायचं असतं असं वाटे.

"तेजू, आगं हिरवीगार साडी आणलीय रणजितनं तुझ्यासाठी! काठ बघशील तर बघतच राहशील. आन् येताना जेवूनच या म्हणलंय मी त्याला, हाटेलात."

"बासुंदी-पुरी का?" तेजस्विनीने विचारलं.

"तुला आवडती ना? मग तीच खा की!" आईला त्यातली खोच कळली नाही. कळायचं कारणही नव्हतं. "सही करून टाक बाई एकदाची. मी केली हुती माझ्या भावाला. त्यानं आजपातूर मला एका शब्दानं दुखवलं न्हाय."

दुखवायला तो भाऊ आईकडे शेवटचा कधी आला होता, हे तेजस्विनीला आठवेना. तिने "बरं" म्हणून फोन ठेवला.

मग ती डिकीकडे वळली. आधी मऊ ब्रशने अक्षरांतली पावडर धुऊन काढली. ओळ एकदम मंद झाली, पण पुसली गेली नाही. ओरखडे बारीक होते, साडीला लावायच्या पिनेचे असावेत. तेजस्विनीच्या डोळ्यांपुढे आलं ते असं: आत पंगती उठताहेत, सनई लावली आहे, आणि एक म्हातारी बाई अंगणात या गाडीमागे वाकून पदराची पिन काढते आहे. तिला भांडता आलं नसेल. भांडली असती तर माहेर तुटलं असतं. म्हणून ती चारचौघांत जेवली, हसली, आणि बाहेर येऊन तिला जे म्हणायचं होतं ते अपुऱ्या राहिलेल्या वाक्याखाली लिहून गेली. खोटं एक अक्षर लिहिलं नाही तिने. फक्त वाक्य पुरं केलं.

आणि ते पुसायचं काम आलं तेजस्विनीकडे.

तिने काचेवरच्या सोनेरी ओळीला धक्का लागू नये म्हणून कडेने टेप लावली. मशीनच्या पॅडवर ओरखडे घासायचं कंपाउंड घेतलं, मशीन सुरू केलं. हात सरावाने चालू लागले. 'अन्' गेलं. काथ्याचा भुरका पट्टा गेला. मग 'बहिणीची' फिकट होऊ लागलं आणि जिथे ती अक्षरं होती तिथे काळ्या पत्र्यात तिचा स्वतःचा चेहरा दिसायला लागला, रुमाल बांधलेला, घामेजलेला. तिला शिसारी आली. गुटखा धुताना आली नव्हती अशी, आतून, स्वतःच्या हातांची. रावसाहेबांनी भावांना घेऊन बहिणीचं नाव जमिनीवरून काढलं. उरलंसुरलं पत्र्यावरून काढायला तेजस्विनी होतीच. आणि काय सुरेख काढत होती! एक डाग राहत नव्हता.

तिने मशीन बंद करून पट्टा पुसला. 'सही' तेवढी तशीच होती. तिने पुन्हा कंपाउंड घेतलं, पुन्हा फिरवलं. 'सही' हलली नाही. मग तिने नख लावलं, आणि या वेळी नख अडकलं. शेवटच्या शब्दावर दुर्गाबाईंनी सगळा जोर लावला होता. 'ही'ची वेलांटी तर पार खालपर्यंत ओढली होती, खरोखरच सही ठोकल्यासारखी. पिन वरचा थर फाडून, रंग फाडून, पत्र्याला भिडली होती. आणखी घासलं असतं तर आजूबाजूचा रंगच जळाला असता.

चार वाजायच्या आत रावसाहेब साड्यांच्या पिशव्या घेऊन परतले. गाडी आरशासारखी लखलखत होती. ते तिच्याभोवती फिरले, बॉनेटमध्ये वाकून मिशा पाहिल्या, आणि मागे येऊन थबकले.

"हे राहिलं की!"

"ते जाणार नाही. खोल गेलंय. अख्खं डिकीचं दार पुन्हा रंगवावं लागेल, आणि ते उद्याच्या आत होणार नाही."

रावसाहेब ओठ हलवत वाचू लागले. वर सोनेरी 'आई-वडिलांची पुण्याई'. खाली, मधलं सगळं गेल्यावर, एकटा शब्द: 'सही'. त्यांनी दोनदा वाचलं. मग त्यांचा चेहरा उजळला आणि त्यांनी मांडीवर थाप मारली.

"आरं तिच्या! झ्याक झालं की हे! आमची पोरं म्हणत्यात न्हवं का, कायबी आवडलं की, 'सही! सही हाय!' आई-वडिलांची पुण्याई, सही! राहू द्या ताई, राहू द्या. उलट यावर सोनेरी रेडियम चिकटवा. वरच्याला जोडून दिसंल."

तेजस्विनी त्यांच्याकडे पाहतच राहिली. त्या बाईने जीव एकवटून पत्र्यात खुपसलेला शब्द, आणि याने त्यातून शाबासकी काढली स्वतःला! यांच्या पोटात काहीही जातं. जमीन जाते, बहीण जाते, शिवी दिली तर तीही पचते, आणि वर ढेकर येतो.

तेवढ्यात रणजितची मोटारसायकल दाराशी थांबली. हातात साडीच्या दुकानाची पिशवी, अंगात इस्त्रीचा शर्ट. तो आत आला आणि आधी त्याची नजर गाडीवरच गेली.

"ओ हो, काय चमकवलीय ताई!" मग मागची अक्षरं वाचून तो मोठ्याने हसला. "पुण्याई, सही! भारी आयडिया आहे काका, एक नंबर. ताई, आपली नवी गाडी येईल ना, तिलापण सेम असंच करायचं हां. तुझ्या हातानेच लाव."

"बघा! पोरांना आवडतं," रावसाहेब खूश होऊन म्हणाले.

दोघं हसत होते. एकमेकांना ओळखत नसताना घरचे असल्यासारखे हसत होते. तेजस्विनीने रणजितकडे पाहिलं. हा वाईट नव्हता. लहानपणी तिच्या पाठीवर बसून याच गोठ्यात म्हशींना घाबरणारा, ताप आला की आईला सोडून हिला बिलगणारा पोरगा होता. रावसाहेबही दुर्गीला पाटीवर अक्षर शिकवणारा भाऊच होता की कधीकाळी. हे आठवलं तशी तिची किळस कमी झाली नाही, वाढली.

"तिथे आधी काय लिहिलं होतं, माहितीये?" तिने विचारलं.

"काय?"

"'अन् बहिणीची सही.' यांच्या बहिणीने लिहिलं. मधलं मी पुसलं, आत्ता, मशीनने. शेवटचं मात्र निघालं नाही."

रणजितचं हसू जागच्या जागी राहिलं, पण त्यात काही उरलं नाही. त्याने एकदा काचेकडे पाहिलं, एकदा खाली, आणि मग स्वतःच्या हातातल्या पिशवीकडे. रावसाहेब घसा खाकरून म्हणाले, "जाऊ द्या वो ताई, घरचं हाय ते. रेडियम लावताय ना?"

"नाही. तुमचं काम झालं. गाडी घेऊन जा."

ते पुटपुटत गाडीत बसले. गाडी मागे घेतली, वळवली, आणि नुकत्याच धुतलेल्या दारावरून पहिली पिचकारी ओघळली. मग ती लखलखती डिकी सर्व्हिस रोडच्या गर्दीत मिसळली.

रणजित घड्याळाकडे बघत म्हणाला, "ताई, चल ना. ऑफिस बंद होईल. वाटेत बोलू."

तेजस्विनी नळाशी गेली. तिने साबण घेऊन हात धुतले, कोपरापर्यंत, पुन्हा पुन्हा.

"मी येत नाही, रणजित. सही करणार नाही."

"अगं, पण ठरलं होतं ना आपलं? तू हो म्हणालीस." त्याचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "आई साडीची घडी मोडायची वाट बघत बसलीय. दिवाळीला काय तोंडाने येशील तू? आईला काय सांगू मी आता?"

दिवाळी, भाऊबीज, आईच्या हातचं पिठलं. सही केली नाही तर ते तुटणार, हे तिला गेला आठवडाभर माहीत होतं. तिने हात पुसले, रुमाल तोंडावरून खाली ओढला आणि भावाकडे नीट पाहिलं.

"आईला सांग," ती म्हणाली, "तेजूचं नख अडकलं."